जिंदर महालचा पट्टा: पदक की नेमणूक?



या मालिकेत मी एरवी फौज, सीमा आणि जुन्या लढायांविषयी बोलतो. आजचा विषय माझा नाही, माझ्या नातवाचा आहे. तो गुडगावला राहतो, शनिवारी नोएडाला आमच्याकडे येतो. २०१७ साली तो आठ वर्षांचा होता. एका शनिवारी तोंड पाडून आला. शाळेत भांडण झालं होतं. जेवताना मला म्हणाला, "आजोबा, जिंदर महाल चॅम्पियन व्हायला डिझर्व्ह करत होता का? सगळे म्हणतात, इंडियन आहे म्हणून फुकटमध्ये दिलं."

मी म्हटलं, "अरे, ते सगळं आधीच ठरलेलं असतं."

"ते मला माहितीए," तो म्हणाला. "मी काय विचारतोय?"

त्याचं बरोबर होतं. मी प्रश्नाला बगल दिली होती. मुलाला खरं-खोटं कळत होतं, त्याला न्याय-अन्याय विचारायचा होता. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. आज देतो.

ज्यांनी डब्ल्यूडब्ल्यूई कधी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं. मी कराडकडचा. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्या जवळच. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलेल्या माणसाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. आमच्याकडे जत्रेत संगनमतानं कुस्ती झाली की म्हातारे एकच शब्द टाकायचे : नुरा. तो शब्द शिवीसारखाच होता. मग हे अमेरिकेतलं प्रकरण म्हणजे वर्षभर चालणारी, तिकीट लावून दाखवलेली नुरा कुस्ती. फरक इतकाच, की इथं कुणी कुणाला फसवत नाही. निकाल लेखक ठरवतात आणि प्रेक्षकाला ते ठाऊक असतं. पण पाठीवर आपटणं खरं असतं, गुडघे खरेच जातात, आणि वर्षातले कितीतरी दिवस घराबाहेर काढायचे असतात. तेव्हा याला खेळ म्हणण्यापेक्षा तमाशाचा फड म्हणा. त्यात कमीपणा काही नाही. फडातही कुणाला कुठली भूमिका मिळते यावर माणसांची आयुष्यं ठरतात.

आपल्या मैदानात सुरुवातीला रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या होतात, मग नारळावरच्या, आणि शेवटी नंबर एकची. तिथंही तसंच. त्या रात्रीच्या कुस्त्यांच्या यादीला ते कार्ड म्हणतात. मधल्या कुस्त्या लढणारा तो मिडकार्डवाला. वाईट माणसाची भूमिका करणाऱ्याला हील म्हणतात. आणि सगळ्यांत खाली असतात ते हरण्यासाठी ठेवलेले. दुसऱ्याला मोठं दाखवायचं असलं की यांना आपटायचं.

जिंदर महाल त्या शेवटच्या पंगतीतला होता. खरं नाव युवराजसिंग धेसी, जन्म १९८६, कॅनडातल्या कॅलगरीचा. घर पंजाबी. काका गामा सिंग हे त्याच शहरातल्या स्टॅम्पीड रेसलिंगमध्ये गाजलेले खलनायक. म्हणजे पेशा घरातलाच. २०११ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या पडद्यावर आला, तोही द ग्रेट खलीचा मेहुणा म्हणून, अर्थात कथेतला मेहुणा. नंतर त्याला 'थ्री एमबी' नावाच्या एका विनोदी बँडमध्ये टाकलं. तीन पैलवान गिटार वाजवल्याचं सोंग करायचे आणि मार खायचे. जून २०१४ मध्ये कंपनीनं त्याला काढून टाकलं.

२०१६ मध्ये तो परत आला. दारू सोडलेली, खाणंपिणं शिस्तीत, शरीर असं कमावलेलं की जुन्या फोटोतला माणूस हाच का, असं वाटावं. तरीही काम तेच, हरायचं. २ एप्रिल २०१७ ला रेसलमेनियात मुख्य कार्यक्रमाच्या आधी जी आंद्रे द जायंटच्या नावाची गर्दीची कुस्ती होते, तिच्यात तो शेवटच्या दोघांत उरला आणि तिथंही हरला. प्रेक्षकांत बसलेल्या एका अमेरिकन फुटबॉलपटूनं, रॉब ग्राँकोव्हस्कीनं, आत येऊन त्याला आडवा केला. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, २१ मे रोजी, शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये त्यानं रँडी ऑर्टनला पाडलं आणि तो डब्ल्यूडब्ल्यूईचा पन्नासावा विजेता झाला. ऑर्टन त्याआधी तेरा वेळा जगज्जेता झालेला. सभागृहातल्या लोकांची तोंडं मला अजून आठवतात. आनंद नाही, राग नाही. चुकीच्या गाडीत बसलोय की काय, असे चेहरे.

आता मूळ प्रश्न. लायक होता का?

फौजेत दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात. पदक मिळतं ते केलेल्या कामासाठी. नेमणूक मिळते ती पुढं करायच्या कामासाठी. वीरचक्र मिळालेला माणूस उत्तम कमांडर होईलच असं नाही, आणि उत्तम कमांडरच्या छातीवर पदक असेलच असंही नाही. पदकाबद्दल 'मिळायला हवं होतं का' हा प्रश्न बरोबर आहे. नेमणुकीबद्दल प्रश्न असा : हा माणूस या कामाला योग्य होता का, आणि त्याला ते काम करण्याची साधनं दिली होती का? दुसरा अर्धा भाग आपण नेहमी विसरतो.

डब्ल्यूडब्ल्यूईचा पट्टा दिसतो पदकासारखा, सोन्यासारखा चमकतो, पण असतो नेमणूक. या माणसाच्या नावावर आता तिकिटं विकायची आहेत, असा तो आदेश. जिंदरच्या नेमणुकीमागं भारतातला प्रेक्षक आहे, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते, आणि मलाही तसंच वाटतं. त्यात पाप नाही. धंदा आहे. २००७ साली खलीलाही दुसरा मोठा पट्टा, वर्ल्ड हेवीवेट, असाच मिळाला होता. एज जखमी झाल्यानं पट्टा मोकळा पडला, वीस जणांची कुस्ती लावली, खली जिंकला आणि सप्टेंबरात बटिस्टाकडून हरला. पण खलीचं काम सोपं होतं. सिरमौरच्या डोंगरातला, पंजाब पोलिसातून आलेला सात फुटांचा माणूस. तो आत आला की निम्मी गोष्ट सांगून झालेली असायची. जिंदरला गोष्ट सांगावी लागणार होती, आणि त्यासाठी त्याला मिळाले सात आठवडे.

इथं मला त्याचा कोर्समेट आठवतो. त्या गिटारवाल्या बँडमध्ये तिघं होते : जिंदर, हीथ स्लेटर आणि स्कॉटलंडचा ड्रू मॅकिंटायर. जिंदर आणि ड्रू यांना कंपनीनं एकाच दिवशी घरी पाठवलं. ड्रू बाहेर गेला, लहान लहान सभागृहांत लढला, नाव कमावलं आणि २०१७ च्या एप्रिलमध्येच परत आला. त्याच महिन्यात जिंदरला वर ढकलायला सुरुवात झाली. पण ड्रूला आधी एनएक्सटी या धाकट्या विभागात घातलं. तिथला पट्टा, मग मोठ्या विभागात दोन वर्षं दमदार खलनायकी, मग जानेवारी २०२० ला रॉयल रंबलमध्ये ब्रॉक लेस्नरला बाहेर फेकणं, आणि एप्रिलमध्ये त्याच लेस्नरला हरवून पट्टा. एकाच तुकडीतली दोन पोरं. एकाला तीन वर्षं घडवून सर्वोच्च पदावर बसवलं, दुसऱ्याला सात आठवड्यांत. ड्रू लायक होता का, हे कुणी विचारत नाही. तो जास्त गुणी होता, हे मी मान्य करतो. पण त्या तीन वर्षांचं श्रेयही आपण त्याच्या गुणांच्याच खात्यावर टाकतो, हे काही बरोबर नाही.

बरं, नेमणूक झाली. पुढं काय?

खलनायकाला पटकथा लागते. आपले निळूभाऊ फुले बघा. नुसते डोळे बारीक करून हसले तरी बायका बोटं मोडायच्या, अशी त्यांची ख्याती. पण 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील आठवा. तिथं तेंडुलकरांनी त्यांना नुसती लबाडी दिली नाही, एक प्रश्न दिला. मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न त्या माणसाचा पिच्छा सोडत नाही आणि आपल्याला तो माणूस समजायला लागतो. समोर डॉक्टर लागूंसारखा गडी, हेही खरं. जिंदरला असा एकही प्रश्न मिळाला नाही. त्याला मिळाले सिंग ब्रदर्स, समीर आणि सुनील, तेही कॅनडाचेच. मोठ्या कार्यक्रमांतल्या पहिल्या चारही विजयांत त्यांनी मध्ये यायचं, समोरच्याचं लक्ष विचलित करायचं, आणि जिंदरनं जिंकायचं. मे, जून, जुलै, ऑगस्ट. चार महिने एकच वग.

अपवाद एक. जूनमध्ये सेंट लुईसला, ऑर्टनच्या गावात, त्याचे वडील बॉब ऑर्टन पहिल्या रांगेत बसलेले होते. सिंग बंधूंनी त्या म्हाताऱ्याच्या अंगाला हात लावला, मुलगा तिकडं धावला आणि कुस्ती गमावून बसला. ही खरी खलनायकी. बापाला हात लावणारा माणूस कुठल्याही देशात वाईटच. असं लिहिलं तर जिंदर ते पेलत होता, हे त्या रात्री दिसलं.

आणि मग जुलैत आला पंजाबी तुरुंग. बांबूचे दोन पिंजरे, एकात एक, बाहेर पडेल तो जिंकला. माझी तीन वर्षं फिरोजपूर भागात गेली आहेत. सरसोंची शेतं पाहिली, कालवे पाहिले, लस्सीचे पेले पाहिले. बांबूचा तुरुंग मला तरी कुठं दिसला नाही. शेवटी खली अवतरला, त्यानं बाहेर पडू पाहणाऱ्या ऑर्टनचा गळा धरला आणि जिंदर निसटला. नातू टाळ्या वाजवत होता. मी चहा करायला उठलो.

त्याच्या भाषणांत मात्र एक गोष्ट होती, जी आपल्यासारख्यांना लागायला हवी. तो अमेरिकन प्रेक्षकांना म्हणायचा, मी तुमच्यासारखा दिसत नाही, म्हणून तुम्ही माझी हुर्यो करता. मग पंजाबीत बोलायचा, आणि हुर्यो वाढायची. आता सांगा, यात खोटं काय होतं? दिल्लीत बसून बघणाऱ्या आम्हाला तो खलनायक वाटेना, वकील वाटायला लागला. तिथं त्यानं परका शत्रू व्हायचं आणि इथं आपला नायक. एका माणसाला दोन विरुद्ध दिशांचे हुकूम. अशा मोहिमा फसतात, आणि ठपका पुढच्या खंदकातल्या माणसावर येतो.

सप्टेंबरात तर कहर झाला. जपानच्या शिन्सुके नाकामुराविरुद्धच्या भाषणात त्याच्या तोंडी जपानी चेहऱ्याची आणि उच्चारांची टिंगल घातली. प्रेक्षकांतून 'हे अती झालं' अशी घोषणा उठली. ती पात्राविरुद्ध नव्हती, लेखनाविरुद्ध होती. 'माझ्या दिसण्यावरून मला हसता' म्हणणाऱ्या माणसाच्या हातातलं एकुलतं एक शस्त्र कंपनीनंच मोडलं. वाक्यं म्हणणाऱ्याची काहीच जबाबदारी नसते असं मी म्हणणार नाही. ती त्याची वाईट रात्र होती.

आता एक माझी गोष्ट, कारण या प्रश्नात मी का अडकलो ते सांगायला हवं. मी कंपनी कमांडर असताना एका प्लाटूनला हवालदार हवा होता, आणि लगेच हवा होता. एक पोरगा मला दिसत होता. चपळ, निर्व्यसनी, नकाशा वाचण्यात पक्का. अजून दोन वर्षं मुरायला हवा होता, पण मी त्याला पुढं केला. तो माझ्याच तालुक्यातला होता. मी त्यासाठी केलं नव्हतं, पण पंधरा दिवसांत लंगरपासून क्वार्टर गार्डपर्यंत एकच बोलणं : साहेबाच्या गावचा. त्यानं काम चांगलं केलं की 'साहेबाची मेहेरबानी', चुकलं की 'बघा'. मी त्याला जवळ बोलावून चार गोष्टी शिकवायला हव्या होत्या. उलट पक्षपात दिसू नये म्हणून मी त्याच्यापासून लांब राहिलो. वर्षभरानं त्यानं दुसऱ्या कंपनीत बदली मागितली. सही करताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्यात लायकी होती. चुकीच्या वेळी, चुकीच्या कारणाचा वास येईल अशा पद्धतीनं वर चढवून ती मीच लोकांच्या नजरेतून उतरवली.

जिंदरच्या १७० दिवसांकडं पाहताना मला तो पोरगा दिसतो. 'इंडियन आहे म्हणून' हे वाक्य एकदा चिकटलं की दारू सोडलेली वर्षं, पहाटेचा व्यायाम, सगळं त्याखाली झाकलं जातं.

दुसऱ्या बाजूनंही एक नाव घ्यायला हवं, नाहीतर मी फक्त आपल्या माणसाची वकिली केल्यासारखं होईल. रुसेव्ह. जन्मानं बल्गेरियाचा, पण रशियाचा झेंडा हातात दिलेला. तोही परका खलनायक, पण घट्ट लिहिलेला. २०१५ च्या रेसलमेनियात तो जॉन सीनाशी लढायला रणगाड्यावरून आला. रणगाड्यावरून येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, कुस्तीला येणारा तेवढा एकच. पुढं २०१७ च्या शेवटाला 'रुसेव्ह डे' म्हणून जी गंमत सुरू झाली, तिनं सभागृहं दणाणायची. मिडकार्डमधला हा खलनायक लोकांनी स्वतःहून डोक्यावर घेतला होता. त्याला सर्वोच्च पट्टा कधीच मिळाला नाही. आणि एप्रिल २०१८ च्या रेसलमेनियात, अमेरिकन पट्ट्यासाठी चौघांची कुस्ती झाली, तेव्हा लोक रुसेव्हच्या नावानं ओरडत होते आणि त्यालाच पाडून जिंदर जिंकला. आठवड्याभरात तो पट्टाही जेफ हार्डीकडं गेला. पदकाच्या हिशेबानं रुसेव्हवर अन्याय झाला, जिंदरपेक्षा जास्त झाला. हे मी नातवाला सांगितलं तेव्हा तो गप्प बसला. मग म्हणाला, "हां, वो तो है."

तर माझं मत. जिंदर मोठ्या पट्ट्याला अपात्र नव्हता, अपक्व होता. निवड समितीवर मी असतो तर शेरा मारला असता : योग्य, पण आता नको; आधी वर्षभर मधला पट्टा द्या आणि सिंग बंधूंना रजेवर पाठवा. ऑर्टनच्या वडिलांचा प्रसंग सुचणारा लेखक तेवढा त्याच्याजवळ ठेवा.

दिल्लीची रात्र राहिली. कंपनी भारतात येणार असं जाहीर झालं, तेव्हा तो विजेता होता. नातवानं ऑक्टोबरातच पुठ्ठ्यावर पोस्टर केलं, मराठीत, कारण त्याच्या वर्गात ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं : 'आमचा चॅम्पियन'. ७ नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला, एजे स्टाइल्सनं जिंदरला हरवलं. सर्व्हायव्हर सिरीजमध्ये लेस्नरसमोर जिंदर उभा राहणार होता, ती जागाही स्टाइल्सकडं गेली. ज्या कामासाठी माणूस नेमला, ते काम महिन्यावर आलेलं असताना त्याला खाली उतरवलं.

९ डिसेंबर २०१७. आम्ही तिघं, मी, लेक आणि नातू, नोएडाहून मेट्रोनं मंडी हाऊसला गाडी बदलून आयटीओला उतरलो. इंदिरा गांधी स्टेडियम, १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेलं. थंडी होती, बाहेर शेंगदाणेवाले होते. शेवटची कुस्ती जिंदर विरुद्ध ट्रिपल एच. म्हणजे कंपनीचा मोठा अधिकारी आणि मालक व्हिन्स मॅकमॅहनचा जावई. आमच्या भागात अर्धे लोक जिंदरसाठी ओरडत होते, अर्धे लहानपणापासून टीव्हीवर पाहिलेल्या ट्रिपल एचसाठी. लेक माझ्या कानात म्हणाली, "बाबा, आज तरी याला जिंकू देतील ना?"

दिलं नाही. जावईबापू जिंकले. मग दोघांनी मिळून भांगडा केला, आणि सगळं स्टेडियम नाचलं.

परतीच्या गाडीत नातू पोस्टर मांडीवर घेऊन बसला होता. नोव्हेंबरातच त्यानं 'चॅम्पियन'वर काळी रेघ मारली होती आणि खाली काहीच लिहिलं नव्हतं. समोर बसलेल्या एका सरदारजींनी विचारलं, "बेटा, क्या लिखा है?" त्यानं सांगितलं, "आमचा. मतलब, हमारा."

जानेवारी २०२४ मध्ये जिंदरला सेथ रोलिन्सविरुद्ध आणखी एक संधी मिळाली, तो हरला, आणि एप्रिलमध्ये कंपनीनं त्याला दुसऱ्यांदा घरी पाठवलं. ती बातमी नातवानंच मला फोनवर कळवली. पोस्टर अजून आमच्या कपाटामागं आहे.